सिनेमा कसा वाटला, हे मुलांना कोणी विचारलं?

सिनेमा सुटला की दारातच उभं राहून त्याची चिरफाड करणं ही तरुणांची जुनी खोड. त्या बडबडीला ‘परीक्षण’ असं भारदस्त नाव मिळायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. कारण मोठ्यांना वेगळीच चिंता होती: सिनेमा पाहून पोरं बिघडतात का?

अमेरिकेत १९२९ ते १९३३ या काळात ‘पेन फंड’ या खासगी निधीच्या पैशातून याच प्रश्नावर मोठं संशोधन झालं. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी विद्यार्थ्यांकडून सिनेमाच्या आठवणी चक्क आत्मचरित्रासारख्या लिहून घेतल्या. कशाने रडू आलं, कशाची भीती वाटली, कोणत्या नटाची नक्कल केली, सगळं. मुलांनी मोकळेपणाने लिहिलंही. पण त्यांना बोलावलं होतं साक्षीला. सिनेमा मुळात चांगला होता की टुकार, हा प्रश्न त्या संशोधनाचा नव्हताच.

न विचारता मत देणाऱ्यांत सगळ्यात गाजला तो फ्रान्सचा फ्रान्स्वा त्रुफो. शाळा अर्धवट सुटलेली, सिनेमाचं वेड अफाट. सोळाव्या वर्षी स्वतःचा फिल्म क्लब काढून बसलेला. १९५१ साली समीक्षक आंद्रे बाझँ आणि सहकाऱ्यांनी ‘काइए द्यु सिनेमा’ हे मासिक सुरू केलं. त्याच्या जानेवारी १९५४च्या अंकात त्रुफोने गाजलेल्या कादंबऱ्यांवरून गुळगुळीत सिनेमे बेतणाऱ्या प्रतिष्ठित पटकथाकारांना झोडपून काढलं. तेव्हा त्याला बावीसही पूर्ण नव्हती! पुढे त्याच्या टीकेचा असा वचक बसला, की १९५८ला फ्रान्समधल्याच ‘कान’ चित्रपट महोत्सवाने त्याला प्रवेशपत्रच नाकारलं. पुढच्याच वर्षी तिथे सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार त्याच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाला मिळाला. एवढा गोड सूड कुठल्या पटकथेत असता, तर त्यानेच तो अतिरंजित म्हणून खोडला असता.

अर्थात त्रुफो अपवाद होता. साध्या शाळकरी मुलांच्या मताला वजन आलं ते इटलीत. जिफोनी या छोट्या गावात १९७१ साली क्लाउदिओ गुबितोसी या अठरा वर्षांच्या तरुणाने चित्रपट महोत्सव सुरू केला आणि परीक्षक म्हणून मुलांनाच बसवलं. बर्लिन महोत्सवाने १९७८मध्ये मुलांसाठी वेगळा विभाग काढला. तिथला ‘क्रिस्टल बेअर’ पुरस्कारही मुलंच ठरवतात.

मग इंटरनेट आलं आणि परवानगी मागायची गरजच उरली नाही. सिनेमांची परीक्षणं एकत्र करणारं ‘रॉटन टोमॅटोज’ हे संकेतस्थळ १९९८मध्ये सुरू केलं अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या सेन्ह ड्युआँग या विद्यार्थ्याने, तेही जॅकी चॅनच्या सिनेमांच्या प्रेमापोटी. २०११ला न्यूझीलंडमधून आलेल्या ‘लेटरबॉक्स्ड’ या सिनेवेड्यांच्या संकेतस्थळावर तर डायरीसारखी नोंद, अर्ध्या ताऱ्यापासून गुण आणि एका ओळीचा टोमणा एवढ्यावर परीक्षण आटोपतं. मला यातले टोमणे कित्येकदा लांबलचक लेखांपेक्षा नेमके वाटतात.

नवी अडचण उलटी आहे. मत द्यायला आता सिनेमा पाहावाच लागत नाही. २०१९मध्ये काही चित्रपटांवर प्रदर्शनाआधीच वाईट शेऱ्यांचा मारा झाला. तेव्हा ‘रॉटन टोमॅटोज’ने आधी प्रदर्शनपूर्व शेरे बंद केले. मग तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली. तिकीट काढल्याचं त्यातून कळतं. आत जाऊन डोळा लागला होता का, ते अजून कोणी तपासत नाही.