जिम सायमन्स यांना 'सूत्र' सापडलंच नव्हतं

गणिताच्या प्राध्यापकाला बाजाराचं गुपित सूत्र सापडलं, त्याने नोकरीवर पाणी सोडलं आणि त्याच्याकडे पैशांचा पाऊस सुरू झाला. रेनेसान्स टेक्नॉलॉजीज या अमेरिकी गुंतवणूक कंपनीचे संस्थापक जिम सायमन्स यांची ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. ऐकायला झकास, पण खरी नाही.

सायमन्स यांनी १९७८ मध्ये विद्यापीठ सोडलं. त्याआधी ते सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर होते. व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध केला म्हणून तिथून हकालपट्टी झाली. बाजारात उतरल्यावर मात्र हा गणिती चलनांचे सौदे करायचा ते बराचसा बातम्या वाचून, अंदाजाने! जोडीला दुसरं काम चालू होतं: व्याजदरांचे जुने आकडे संगणकावर मिळतच नव्हते, म्हणून ते फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेतून हाताने उतरवून आणले जायचे.

रेनेसान्सचा गाजलेला मेडॅलियन फंड सुरू झाला १९८८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी. १९८९ मध्ये तो इतका आपटला की सायमन्स यांनी सौदे थांबवले. मग गणितज्ञ एल्विन बर्लेकॅम्प यांनी पद्धत नव्याने बसवली, कमी मुदतीच्या सौद्यांवर भर दिला, आणि १९९० मध्ये शुल्क वजा जाता ५५ टक्क्यांहून अधिक परतावा आला.

त्यानंतरही एकच एक सूत्र असं नव्हतंच. असंख्य छोटे सौदे, त्यातले निम्म्याहून थोडेसेच जास्त बरोबर. आणि 'मेडॅलियनमध्ये पैसे लावून देतो' म्हणणाऱ्याला सरळ बाहेरची वाट दाखवा. नव्या बाहेरच्या गुंतवणूकदारांसाठी तो फंड १९९३ पासूनच बंद आहे.