पार्श्वभूमी : प्रोग्रामला डिस्ट्रो कशी कळते?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचं बिलिंग सेंटओएस ६ वर, कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू, नव्या सर्व्हरवर रॉकी, अशी लिनक्सच्या वेगवेगळ्या डिस्ट्रोंची (म्हणजे तयार आवृत्त्यांची) सरमिसळ सोलापुरात नवलाची नाही. सगळीकडे एकच इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायची, तर सॉफ्टवेअर बसवायला यम, डीएनएफ की एपीटी यांपैकी कोणती कमांड वापरायची हे तिला आधी कळायला हवं. 'यूनेम' ही कमांड फक्त कर्नलचं (सिस्टमच्या गाभ्याचं) सांगते, कंटेनरमध्ये (एका मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) तर होस्ट मशीनच्या कर्नलचं.

सुरुवातीला प्रत्येक डिस्ट्रोची 'ईटीसी' या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये आपली वेगळी फाइल होती: रेडहॅट-रिलीज, डेबियन_व्हर्जन, सुसे-रिलीज, स्लॅकवेअर-व्हर्जन. आत माणसाने वाचायची एखादी ओळ, ठरलेला साचा नाही. खरा घोळ व्हायचा तो एकीवरून दुसरी बेतलेल्या डिस्ट्रोंचा. सेंटओएसवर रेडहॅट-रिलीज असतेच. उबुंटू २२.०४ मध्ये डेबियन_व्हर्जन उघडली तर 'बुकवर्म/सिड' दिसतं. म्हणजे डेबियनची तपासणी आधी लावली की उबुंटू डेबियन ठरलं!

लिनक्स स्टँडर्ड बेस या सामाईक मानकाने डिस्ट्रोचं नाव सांगणारी 'एलएसबी_रिलीज' ही कमांड दिली. उपाय बरा होता, पण कमांड वेगळ्या पॅकेजमध्ये. मिनिमल इन्स्टॉलमध्ये आणि कंटेनरमध्ये ती बहुधा नसतेच.

2012 मध्ये सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्राम) प्रकल्पाने 'ईटीसी'त ओएस-रिलीज ही फाइल आणली. ती तिथे नसेल तर 'यूएसआर/लिब'मध्ये पाहायची. सिस्टमडी न वापरणाऱ्या अल्पाइन या डिस्ट्रोनेही ती स्वीकारली. कामाच्या ओळी दोन: आयडी (डिस्ट्रोचं स्वतःचं छोटं नाव) आणि आयडी_लाइक (ती ज्यांच्या जवळची, त्यांची नावं). रॉकीचा आयडी 'रॉकी', तर आयडी_लाइकमध्ये 'आरएचईएल सेंटओएस फेडोरा' (आरएचईएल म्हणजे रेडहॅट एंटरप्राइझ लिनक्स). आधी आयडी पाहावा, ओळखीचा नसेल तर आयडी_लाइकमधले शब्द डावीकडून तपासावेत. प्रेटी_नेम ही पूर्ण नावाची ओळ स्क्रीनवर दाखवायला ठीक, त्यावर निर्णय घेऊ नये.

चुका ठरावीक. ग्रेप आणि कट या मजकूर शोधणाऱ्या-कापणाऱ्या कमांडने आयडी काढला की सेंटओएस ७ वर अवतरणचिन्हंही सोबत येतात. म्हणून फाइल शेलमध्येच सोर्स करावी (म्हणजे कमांडसारखी चालवून वाचावी), पण सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत. नाहीतर नेम, व्हर्जन ही आपली व्हेरिएबल्स पुसली जातात. व्हर्जन_आयडी (आवृत्तीचा आकडा) आर्च या डिस्ट्रोच्या नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये नसतो, आणि आरएचईएलवर '7.9' असतो तेव्हा सेंटओएसवर नुसता '7'.

सेंटओएस ६ वर ही फाइल नाही, तेव्हा शेवटचा आधार म्हणून रेडहॅट-रिलीजची तपासणी ठेवावीच लागते. पायथनच्या जुन्या स्क्रिप्ट वेगळ्याच कारणाने अडतात: प्लॅटफॉर्म मॉड्यूलमधलं लिनक्स_डिस्ट्रिब्युशन हे फंक्शन 3.8 मध्ये काढून टाकलं, आणि ओएस-रिलीज वाचणारं फंक्शन आलं ते थेट 3.10 मध्ये.