कौशल्य मॉडिफायर

कौशल्य मॉडिफायर : टेबलावर सैनिकांच्या लघुप्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या वॉरगेममध्ये (युद्धखेळात) फाशावरच्या दानात किंवा लागणाऱ्या आकड्यात परिस्थितीनुसार केलेली अधिक-उणे. मूळ कौशल्य प्रतिमेच्या माहितीपत्रकात ठरलेले असते. आडोसा, अंतर, हालचाल यांचा परिणाम मॉडिफायरने मोजतात.

या पद्धतीचे मूळ बहुधा प्रशिया या जुन्या जर्मन राज्यातील ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळात शोधले जाते. राइस्विट्झ पितापुत्रांपैकी वडिलांचा हा खेळ १८१२ च्या सुमारास प्रशियाच्या राजापुढे आला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम छापले. त्यात दोन्ही बाजूंच्या बळाच्या प्रमाणानुसार पंच वेगळा फासा निवडत असे. यालाच पहिला मॉडिफायर म्हणता येईल काय? येथे दान तसेच राहते, बदलतो तो फासा; शिवाय हिशेब तुकडीचा असतो, एकट्या सैनिकाच्या कौशल्याचा नव्हे. म्हणून त्याला पूर्वरूप म्हणणे अधिक सयुक्तिक. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांच्या ‘लिटल वॉर्स’ या खेळात (१९१३) स्प्रिंगची खेळण्यातली तोफ खरोखर नेम धरून डागली जाई, तेथे कौशल्य खेळाडूच्या हाताचे होते. ते सैनिकाच्या नावावर आकड्यात मांडले गेल्यावरच आजच्या अर्थाचा मॉडिफायर शक्य झाला.

मॉडिफायरचे खरे वजन फाशावर ठरते. सहा बाजूंच्या एका फाशावर ३ किंवा अधिक लागत असताना उणे १ आले, तर सहापैकी चार संधींच्या तीन होतात, म्हणजे चतुर्थांश घट. ५ किंवा अधिक लागत असेल तर दोनाची एकच उरते, म्हणजे निम्मी घट. एकच आडोसा कच्च्या नेमबाजाला असा अधिक जाचतो. ‘बॅटलटेक’ या वॉरगेममध्ये दोन फाशांची बेरीज घेतात आणि कौशल्याचा आकडा जितका लहान तितका नेमबाज चांगला. कौशल्य ४, मध्यम अंतराचे २ आणि नेमबाजाच्या चालण्याचा १ मिळून किमान ७ लागतात. शक्यता सुमारे ५८ टक्के. चालण्याऐवजी धावल्यास ८ लागून ती सुमारे ४२, उडी मारल्यास ९ लागून सुमारे २८ टक्के होते. ‘इन्फिनिटी’ या वॉरगेममध्ये वीस बाजूंच्या फाशावर कौशल्याइतके किंवा त्याहून कमी दान पडावे लागते. आडोशाचे उणे ३ तेथे वीसपैकी तीन संधींचे, म्हणजे १५ टक्क्यांचे असते.

मॉडिफायर साचत गेले की नेम लागणेच अशक्य होते, म्हणून मर्यादा घालतात. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या वॉरगेमच्या २०२० च्या आवृत्तीत नेमाच्या दानावर एकूण फरक अधिक किंवा उणे १ च्या पुढे जात नसे, फाशावर पडलेला मूळ ६ नेहमी लागे, मूळ १ नेहमी चुके. क्रमही महत्त्वाचा आहे : त्याच खेळाच्या २०१७ च्या आवृत्तीत फासा पुन्हा टाकायचा तो मॉडिफायर लावण्याआधी. त्यामुळे ३ किंवा अधिक लागत असताना ३ पडले आणि उणे १ लागू असेल, तर ‘चुकलेले दान पुन्हा टाका’ ही सवलत मिळत नसे. मूळ दान चुकलेलेच नसे. ते चुके नंतर, मॉडिफायर लावल्यावर.