फोमची लढाऊ विमाने: बाल्सा, थर्माकोल आणि एका नावाचा घोळ

स्पिटफायर हे दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लढाऊ विमान. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, क्षेत्रफळ सुमारे साडेबावीस चौरस मीटर आणि सुरुवातीच्या आवृत्तीचे भरलेले वजन पावणेतीन टनांच्या आसपास होते. एकास दहा प्रमाणात त्याची रेडिओने उडणारी प्रतिकृती करताना लांबी दहापट कमी होते, क्षेत्रफळ शंभरपट आणि वजन हजारपट. या हिशेबाने ती पावणेतीन किलोची व्हायला हवी आणि पंखाच्या प्रत्येक चौरस डेसिमीटरवर सव्वाशे ग्रॅमच्या जवळपास भार यायला हवा. इतका भार घेऊन एवढ्या लहान आकाराचे विमान उडते खरे, पण उतरताना त्याचा वेग इतका असतो की गवताच्या मैदानावर ते धड राहील याची शाश्वती कोणी देत नाही. फोममध्ये बांधलेले तेच स्पिटफायर ९०० ग्रॅममध्ये बसते, भार ४० ग्रॅमवर येतो आणि जमिनीवरून उडवणाऱ्या वैमानिकाला विचार करायला दोन क्षण मिळतात. फोमच्या लढाऊ विमानांचा इतिहास म्हणजे मुख्यतः हे वजन कसे उतरत गेले याचा इतिहास. त्यातली गमतीची बाब अशी की ते उतरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा शोध दुसऱ्याच कोणासाठी लागला होता.

आरंभीचा काळ थोडक्यात सांगता येतो. रेडिओने चालणारी हौशी विमाने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उडू लागली. युद्धकाळात शत्रूची विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी एकास बहात्तर प्रमाणाच्या लाकडी प्रतिकृती शाळकरी मुलांकडून करवून घेतल्या गेल्या, आणि लढाऊ विमानांच्या प्रतिकृतींचे वेड बऱ्याच अंशी तिथून पसरले. युद्धानंतर ग्लो इंजिन (तापत्या तारेच्या प्लगवर चालणारे छोटे इंजिन) आले आणि १९६० च्या दशकात स्टिक जितकी हलवाल तितकेच हलणारे प्रपोर्शनल नियंत्रण आले. सांगाडा मात्र बाल्साचाच राहिला. दक्षिण अमेरिकेतून येणारे हे लाकूड घनमीटरला साधारण १०० ते १६० किलो भरते आणि आपल्याकडे ते नेहमीच महाग व दुर्मीळ होते. छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमाने बांधलेल्या एका पिढीला बाल्साचा तुकडा वाया घालवल्याबद्दल मिळालेली बोलणी आजही आठवत असतील.

फोम या खेळात आला तो आडून. मण्यांसारखे दाणे वाफेने फुगवून तयार होणारे पॉलिस्टायरीन एका जर्मन रासायनिक कंपनीने १९५० च्या सुमारास बाजारात आणले. ते शीतगृहांच्या भिंतींसाठी आणि वेष्टनासाठी होते. पुढच्या दशकात मॉडेलकारांनी त्याचे ठोकळे तापलेल्या तारेने कापून पंखांचे गाभे करायला आणि त्यांवर बाल्साचा किंवा अन्य लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायला सुरुवात केली. म्हणजे फोम होता, पण झाकलेला. पॉलिएस्टर रेझिन लावले की गाभा विरघळतो आणि इपॉक्सी लावले तर टिकतो, हा धडा त्या काळात अनेकांनी पंख गमावून घेतला. निव्वळ फोमचे विमान ही कल्पना खेळणे या सदरातच मोडत होती, कारण ग्लो इंजिनाची कंपने आणि तेल त्याला सोसण्यासारखे नव्हते, आणि विजेवर उडायचे तर सेल इतके जड की फोमने वाचवलेले वजन तेच खाऊन टाकत.

चित्र पालटले ते साधारण १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत. निकेल-कॅडमियमचे दहा सेल अर्ध्या किलोपेक्षा जड होत, आणि तेवढीच ऊर्जा आज ११.१ व्होल्ट, २२०० मिलिअँपिअर-तासांच्या लिथियम-पॉलिमर पॅकमध्ये २०० ग्रॅमच्या आत मावते. हे लिथियम सेल मोबाइल फोनसाठी विकसित झाले आणि २००३ च्या आसपास मॉडेलकारांच्या हाती आले. त्याच सुमारास काही हौशींनी टाकाऊ सीडी-ड्राइव्हच्या मोटरी उघडल्या, त्यांत जोरकस चुंबके बसवली, तार नव्याने गुंडाळली आणि बाहेरचे कवच फिरणाऱ्या ब्रशलेस मोटरी घरच्या टेबलावर तयार केल्या. कारखान्यांनी ती कल्पना उचलली ती नंतर. नऊ ग्रॅमचे सर्वो (पंख-शेपटीचे हलते भाग ओढणाऱ्या छोट्या मोटरी) स्वस्त झाले. रेडिओही बदलला. पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झवर प्रत्येकाचा वेगळा क्रिस्टल (चॅनेल ठरवणारा सुटा भाग) असे, कोणता चॅनेल कोणाकडे हे कळावे म्हणून मैदानावर फळ्याला चिमटे लावून ठेवलेले असत आणि दुसऱ्याने न विचारता आपल्याच चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केला की विमान जमिनीत जाई. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी तो धोका संपवला. भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला, पण तो संगणकांच्या बिनतारी जोडणीसाठी. मॉडेलकारांना त्याचा लाभ आयता मिळाला.

फोमचे तक्तेही असेच दुसऱ्याच्या घरून आले. युरोपात लाकडी फरशीखाली आणि वॉलपेपरमागे घालायला तीन व सहा मिलिमीटर जाडीचे दाबून काढलेल्या पॉलिस्टायरीनचे तक्ते मिळत. त्यांना दाणे नसतात, पृष्ठभाग गुळगुळीत असतो, ते गरम हवेने वाकवता येतात आणि त्यांची घनता घनमीटरला चाळीस किलोच्या आसपास असते. डेप्रॉन या व्यापारी नावाने ते जगभरच्या मॉडेलकारांत प्रसिद्ध झाले आणि सपाट कसरती विमानांपासून पूर्ण गोलाईच्या लढाऊ विमानांपर्यंत सगळे त्यात बांधले जाऊ लागले. पुढे अमेरिकेत दोन्ही बाजूंना कागद असलेल्या स्वस्त फोमबोर्डाची पद्धत रुजली. त्यात एका बाजूचा कागद न कापता घडी घालतात आणि फ्यूजलाज म्हणजे विमानाचे धड पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे दुमडून उभे करतात.

आपल्याकडे ही सगळी चर्चा एका शब्दापाशी येऊन अडखळते, आणि तो शब्द म्हणजे थर्माकोल. हे मुळात एका व्यापारी उत्पादनाचे नाव, पदार्थाचे नव्हे. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे ते सामान्यनाम झाले. मराठी बोलण्यात थर्माकोल म्हणजे पांढरा, दाणेदार, मोडताना करकरणारा आणि कपड्यांना चिकटणारा पदार्थ. रसायनाच्या दृष्टीने डेप्रॉन आणि थर्माकोल दोन्ही पॉलिस्टायरीनच. फरक केवळ फुगवण्याच्या रीतीचा. पण दुकानदाराच्या दृष्टीने ती दोन वेगळ्या जगांतील वस्तू असतात. डेप्रॉनसदृश जो तक्ता भारतात मॉडेलकारांना मिळतो तो ‘बायोफोम’ या नावाने विकला जातो, आणि नावात ‘बायो’ असले तरी तो मातीत मिसळून जाईल अशी समजूत कोणी करून घेऊ नये. नुसता ‘फोम’ मागितला तर गादीवाला पॉलियुरेथेन दाखवतो, वेष्टनवाला पॉलिथिलीनची मऊ गुंडाळी आणि स्टेशनरीवाला मुलांच्या हस्तकलेचे रंगीत तुकडे. सनबोर्ड मागितला तर पीव्हीसीचा तक्ता मिळतो, जो शाळेच्या प्रकल्पाला छान आणि विमानाला धोंडा ठरतो. प्रस्तुत लेखकाने आपले पहिले हरिकेन (तेही त्याच काळचे ब्रिटिश लढाऊ विमान) अशाच सल्ल्यावरून सनबोर्डात बांधले होते. ते हातातून सुटल्यावर जेमतेम दहा पावले गेले.

नावाचा हा घोळ गोंदापाशी महागात पडतो. इन्स्टंट गोंद किंवा रबरी सोल्यूशन पॉलिस्टायरीनला खाते, आणि साधा स्प्रे पेंट पंखाला खड्डे पाडतो. पॉलिप्रॉपिलीनचा फोम ईपीपी आणि कारखान्यातील साच्यांत येणारा ईपीओ मात्र तोच इन्स्टंट गोंद आनंदाने स्वीकारतात. त्यात ईपीओ या नावातही अर्धसत्य आहे, कारण ते पॉलिओलेफिनचे म्हणून ओळखले जात असले तरी त्यात पॉलिस्टायरीन आणि पॉलिथिलीन यांचे मिश्रण असते. म्हणूनच ते पेट्रोलला बऱ्यापैकी तोंड देते आणि थर्माकोलसारखे तुकडे न पडता चेपते. दाणेदार फोम, डेप्रॉन, ईपीपी आणि ईपीओ या चौघांनाही ‘थर्माकोल’ म्हणून मोकळे होणाऱ्याला कोणता गोंद चालतो हे प्रत्येक वेळी नव्याने शिकावे लागते.

घोळ केवळ भाषेचा राहिला नाही. २०१८ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तिचा रोख एकदा वापरून फेकायची ताटे, वाट्या, पेले आणि सजावट यांच्यावर होता. त्याच वर्षी जुलैत उच्च न्यायालयाने गणेशोत्सवापुरती सवलत देण्यासही नकार दिला आणि थर्माकोलची मखरे बाजारातून हटू लागली. बंदीमागील कारण खोटे नव्हते. विसर्जनानंतर किनाऱ्यांवर आणि नाल्यांत साचणारा पांढरा कचरा प्रत्येकाने पाहिला आहे. तरीही एक प्रश्न उरतो. कायद्याने पदार्थाला व्यापारी नावाने संबोधले की दाणेदार पॉलिस्टायरीन त्या व्याख्येत बसते, पण तेच रसायन तक्त्याच्या रूपात आले तर सामान्य ग्राहकाला आणि सामान्य दुकानदाराला ते थर्माकोल वाटत नाही. वर्षानुवर्षे दुरुस्त करून उडवली जाणारी प्रतिकृती ही ‘सजावट’ की आणखी काही, याचा विचार मसुदा करणाऱ्यांनी केला असण्याची शक्यता कमीच. व्यवहारात फटका बसला तो पुरवठ्याला: मखरासाठी मोठे ठोकळे ठेवणाऱ्या अनेक दुकानांनी ते ठेवणे सोडले, आणि सणानंतर उरलेले ठोकळे नगण्य किमतीत घेऊन त्यांतून पंखांचे गाभे कापणाऱ्यांची सोय गेली. मखर करणाऱ्या कारागिराचे तापलेल्या तारेचे कटर आणि पंख कापणाऱ्याचे कटर तत्त्वतः एकच आहे, ही गोष्ट त्या वर्षीपर्यंत कोणाच्या फारशी लक्षात आली नव्हती.

त्या कटरनेच लढाऊ विमानांची निवडही ठरवली. दोन टोकांना आकाराचे साचे लावून तार त्यांवरून ओढायची, म्हणजे मधला पृष्ठभाग सरळ रेषांचाच होणार. मस्टँग, मेसरश्मिट १०९ यांचे सरळ निमुळते पंख यात सहज निघतात. स्पिटफायरचा लंबवर्तुळाकार पंख निघत नाही. तो तीन-चार तुकड्यांत कापून घासून जुळवावा लागतो, किंवा पातळ तक्ता फासळ्यांवर वाकवून बसवावा लागतो. शिवाय खऱ्या स्पिटफायरच्या पंखाला मुळाशी अधिक दोन अंश आणि टोकाशी उणे अर्धा अंश असा पीळ होता. तो प्रतिकृतीत राखला नाही तर हळू उडताना एक पंख अचानक खाली जातो. काहींनी पंखासाठी पायरीच्या आकाराच्या छेदाचा आधार घेतला. कागदी विमानावरून सुचलेल्या या छेदाचे पेटंट १९७२ चे, आणि खऱ्या विमानांनी त्याकडे पाठ फिरवली तरी दोन तक्ते एकमेकांवर चिकटवून तो दहा मिनिटांत होतो म्हणून फोममध्ये त्याचा पुनर्जन्म झाला. प्रमाणाचे आग्रही लोक त्याला नाक मुरडतात. गुरुत्वमध्याचीही वेगळी अडचण असते: खऱ्या विमानाच्या नाकात सुमारे पाऊण टनाचे इंजिन होते, प्रतिकृतीत शंभर ग्रॅमची मोटर असते, त्यामुळे बॅटरी फायरवॉलला, म्हणजे मोटरमागच्या भिंतीला, टेकेपर्यंत पुढे सारावी लागते आणि तरीही कधी शिसे चिकटवावे लागते.

२०१० च्या आधीच साच्यातील ईपीओची तयार लढाऊ विमाने चीनमधून येऊ लागली होती. पंख जोडा, पेच आवळा, बॅटरी लावा आणि उडवा. रंग, आकड्यांचे स्टिकर, कधी आत ओढले जाणारे चाकही तयार. त्यांनी या हौशीत माणसे आणली, हे नाकारता येत नाही. पण खोक्यातून निघालेल्या विमानाला ‘बांधले’ म्हणावे का, यावर मैदानावर अजूनही वाद होतात. प्रतिकृतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही एका वर्गात विमान स्पर्धकाने स्वतः बांधलेले असण्याची अट राहिली आणि दुसऱ्या वर्गात ती नाही. या लेखकाचे मत विचाराल तर पंखाचा पीळ ज्याने हाताने घातला त्यालाच पंख का पडतो ते कळते.

रंगाच्या बाबतीत मात्र भारतीय मॉडेलकाराला एक स्वतःची जागा आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश आणि भारतीय वायुदलांच्या विमानांवरील चिन्हातून लाल रंग काढून टाकला गेला आणि गडद व फिकट निळ्याचे वर्तुळ उरले. ओळखीसाठी पंखांवर आणि शेपटावर पांढरे पट्टे आले. अखेरच्या काळात भारतीय स्क्वाड्रनची स्पिटफायर या रंगांत उडाली आणि १९४७ च्या काश्मीर मोहिमेतही हे विमान भारतीय वायुदलाकडे होते. पांढरे पट्टे फोमवर पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकने काढणे सोपे असते, शिवाय आकाशात विमानाची दिशा ओळखायला ते खरोखरच उपयोगी पडतात.

२०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात हौस किंवा शिक्षणासाठी उडणाऱ्या मॉडेलना प्रकार-प्रमाणपत्रातून वगळले, त्यामुळे ९०० ग्रॅमच्या स्पिटफायरपुढची कागदी अडचण कमी झाली. विमानतळाजवळचे झोन आणि उंचीच्या मर्यादा मात्र त्यालाही लागू आहेत. इकडे बांधणी पुन्हा एकदा बदलते आहे. गेल्या काही वर्षांत थ्रीडी प्रिंटरसाठी असा पीएलए (तारेच्या, म्हणजे फिलॅमेंटच्या, रूपात येणारे छपाईचे प्लॅस्टिक) मिळू लागला आहे जो तापलेल्या नोझलमध्ये स्वतःच फेसाळतो आणि हलका होतो. लंबवर्तुळाकार पंख, पिळासकट, त्यातून थेट छापून निघतो. त्याला फोम म्हणायचे की छपाई, यावर मैदानावर एकमत नाही. दुकानात मात्र तो फिलॅमेंटच्या फडताळात असतो आणि थर्माकोल मागायला गेलेल्याला कोणी तो दाखवत नाही.