शिनोळीत कस्टम बसलं तर?

चंदगडचा शेतकरी काजू घेऊन शिनोळीवरनं बेळगावला येतो तेव्हा मध्ये राज्य बदलतं, पाट्यांची भाषा बदलते, पण काजू कुठला म्हणून कोण अडवत नाही. १९५६ पासून या रेषेवर किती आंदोलनं झाली ते आपल्या लोकांना सांगायला नकोच, पण व्यापाराच्या हिशोबात ती पातळच आहे बघा. २०१७ ला जीएसटी आला आणि सेल्स टॅक्सचे नाके पण गेले. पेट्रोल, डिझेल, दारू अशा थोड्याच गोष्टी जीएसटीबाहेर, त्यामुळं त्यांचे दर अजून रेषेगणिक बदलतात.

देशादेशातली रेषा मात्र जाड असते. किती जाड, हे कॅनडाचे अर्थतज्ज्ञ जॉन मॅकॅलम यांनी १९९५ मध्ये मोजलं. कॅनडाचे प्रांत एकमेकांशी जेवढा व्यापार करत होते तो तेवढ्याच मोठ्या, तेवढ्याच लांबच्या अमेरिकन राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या २२ पट निघाला! २००३ ला अँडरसन आणि व्हॅन विनकूप या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की लहान देशाकडून मोजलं की हा आकडा फुगतो, तरीपण प्रगत देशांतला व्यापार सीमेमुळं २० ते ५० टक्के घटतोच.

आता ड्यूटी नसली तरी एवढं नुकसान कशानं? समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीचं कास्टिंग मशिनिंगला कोल्हापूरच्या शिरोलीला जातंय आणि मध्ये कस्टम बसलंय. ड्यूटी शून्य, पण ती शून्य मिळवायला माल मूळचा कुठला हे सिद्ध करायचं, म्हणजे भंगार कुठलं, पिग आयर्न कुठलं, किती टक्के काम कुठं झालं, त्याचे कागद, आणि गाडी तोवर उभी. कस्टम्स युनियनमध्ये, म्हणजे आपसात ड्यूटी न लावणाऱ्या देशांच्या गटात, बाहेरच्या मालावर सगळ्यांची ड्यूटी एकच असते म्हणून आत हा प्रश्नच येत नाही. बाहेर पडलं की स्वतःचे करार करायची मोकळीक मिळते आणि हे कागद पण मागं लागतात. मोठी कंपनी त्याला माणसं ठेवते, छोट्या कारखानदाराला मात्र दोन पेट्या पाठवणं परवडत नाही.

ब्रिटननं २०१६ ला ५१.९ टक्के मतांनी युरोपियन युनियनमधनं बाहेर पडायचं ठरवलं, १ जानेवारी २०२१ पासून शून्य ड्यूटीचा करार लागू झाला, तरी तिथल्या सरकारी अंदाजपत्रक कार्यालयाचा अंदाज असा की उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. आयर्लंड देश युरोपियन युनियनमध्ये आणि त्याला लागून असलेलं उत्तर आयर्लंड ब्रिटनचं, पण तिथं जमिनीवर नाके नकोत म्हणून तपासणी समुद्रावर ढकलली, म्हणजे ब्रिटनमधनं उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर, एकाच देशात!

हे सगळं लोकांना कळत नाही असं समजू नका. चेक आणि स्लोव्हाक १९९३ ला वेगळे झाले तेव्हा कस्टम्स युनियन ठेवली होती, चलनही एकच ठेवायचं ठरलेलं, ते फेब्रुवारीतच मोडलं. पुढं २००४ ला दोघंही युरोपियन युनियनमध्ये गेले, म्हणजे देश दोन आणि बाजार परत एक. ब्रिटनचाच भाग असलेल्या स्कॉटलंडला तशी वाट नाही. २०१४ ला ५५ टक्के लोकांनी स्वतंत्र व्हायला नको म्हटलं, २०१६ ला ६२ टक्के लोकांनी युरोपात राहायचं म्हटलं आणि तरी बाहेर पडावं लागलं. आता स्वतंत्र होऊन युरोपात परत जायचं तर कस्टमचा नाका इंग्लंडच्या वेशीवर बसणार, आणि त्यांचा सगळ्यात जास्त माल तर तिकडंच जातो.