तीन टिकवाला मेसेज खोटा आहे

पावसाळा आला की सांगलीतल्या ग्रुपवर तो जुना मेसेज परत फिरायला लागतो, तीन निळ्या टिक आल्या म्हणजे सरकारनं तुमचा मेसेज वाचला, लाल आली तर कारवाई. अहो, व्हॉट्सॲपमध्ये तिसरी टिक नाहीच! एक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला, निळ्या झाल्या की वाचला, बास. २०१६ पासून मेसेज एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद असतात, मधे कंपनीलाही वाचता येत नाहीत. पण ग्रुपमधलाच कुणी स्क्रीनशॉट काढून पोलिसांत देऊ शकतो, आणि अफवेबद्दल गुन्हा खरंच दाखल होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी ग्रुपवर बिनधास्त टाका, लोकांना त्याचा लई आधार असतो, फक्त आकडा पाटबंधारे खात्याचा आणि आजचाच आहे ना ते बघा, २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ आजचे म्हणून आले की म्हातारी माणसं धास्तावून सामान बांधायला लागतात.