गोवर खरंच ‘आत’ जातो का?

घरात मुलाला गोवर उठला की आजीची पहिली काळजी असते, पुरळ नीट बाहेर पडेल ना? मग खिडक्या बंद होतात, गोधड्या अंगावर येतात, आंघोळ बंद, फोडणी बंद, दारात कडुलिंबाचा डहाळा. पुरळ उठता उठता मावळलं तर ‘गोवर आत गेला’ म्हणून सगळं घर हादरतं. ही भीती उगाच आलेली नाही. तिच्यामागचं निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र चुकलं आहे.

गोवराचे विषाणू श्वासातून शिरतात आणि शरीरभर पसरतात. त्वचेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांजवळच्या पेशींनाही ते ग्रासतात. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी या ग्रासलेल्या पेशींवर हल्ला चढवतात आणि त्या झटापटीची लाली म्हणजेच पुरळ. फार कुपोषित किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलाचं शरीर हा हल्लाच नीट करू शकत नाही. त्याच्या अंगावर पुरळ पुसट उठतं किंवा उठतच नाही आणि अशीच मुलं जास्त दगावतात. जुन्या बायकांनी हे पाहिलं होतं. पण पुरळ आत गेल्यामुळे मूल खालावत नाही. मूल आधीच खालावलेलं असतं, म्हणून पुरळ उठत नाही. गोधडीने यात काही बदलत नाही. उलट ताप चढतो आणि घामावाटे पाणी जातं.

संसर्गापासून साधारण 10 ते 14 दिवसांनी ताप येतो. पहिले तीन-चार दिवस हा आजार सर्दीतापासारखाच वाटतो: नाक गळतं, कोरडा खोकला येतो, डोळे लाल होऊन पाणावतात, उजेड सहन होत नाही. याच वेळी मुलाला आ करायला सांगा आणि टॉर्च घेऊन दाढांसमोरची गालाची आतली बाजू पाहा. लाल जागेवर मिठाच्या कणांएवढे पांढरट ठिपके दिसले तर गोवर जवळजवळ नक्की. त्यांना कॉप्लिकचे ठिपके म्हणतात. ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि लवकरच मावळतात, त्यामुळे ते दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं समजू नये.

पुरळ कानामागे आणि कपाळावर केसांच्या कडेला सुरू होतं. तिथून चेहरा, मान, छाती-पोट आणि शेवटी हातपाय, असं तीनेक दिवसांत वरून खाली उतरतं. सावळ्या कातडीवर लाली पटकन कळत नाही. उन्हाच्या उजेडात पाहावं आणि हात फिरवून पाहावा, त्वचा खरखरीत लागते. पुरळ उठताना ताप आणखी चढतो, ही महत्त्वाची खूण. रोझिओला नावाच्या तान्ह्या मुलांच्या आजारात याच्या उलट घडतं: तीनेक दिवस कडक ताप, तो उतरला की पुरळ. कांजिण्यांत पाणी भरलेले, खाजणारे फोड असतात आणि नवे-जुने एकाच वेळी दिसतात. जर्मन गोवर म्हणजे रुबेला सौम्य असतो, त्यात कानामागच्या आणि मानेतल्या गाठी सुजतात. पावसाळ्यात डेंग्यूही असाच ताप आणि पुरळ घेऊन येतो. खात्री रक्ताच्या आयजीएम तपासणीने होते, म्हणजे ताज्या संसर्गात शरीर जी प्रथिनं तयार करतं ती शोधून. म्हणून असं मूल दिसलं की आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला कळवायलाच हवं.

विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. अँटिबायोटिक गोवरावर चालत नाही. न्यूमोनिया किंवा कान फुटण्यासारखा जिवाणूंचा संसर्ग वर जडला, तरच ते लागतं. तापाला पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी औषध न देता डॉक्टरकडेच न्यावं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाटलीचा. 10 किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम हवं. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 6 मिलिलिटर झाले, 250 असलेल्याचे 3 आणि 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड मिलिलिटर. थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली की डोस कितीतरी पटींनी वाढतो. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत आयबुप्रोफेनही नको.

पातळ सुती कपडे, हवेशीर खोली, कोमट पाण्याने अंग पुसणं किंवा आंघोळ, हे सगळं चालतं. डोळ्यांतली चिपडं उकळून गार केलेल्या पाण्याने पुसावीत, दर डोळ्याला वेगळा कापूस. डोळ्यांत मध, दूध, पाल्याचा रस काहीही घालू नये, आधीच सुजलेल्या बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. जुलाब लागले तर ओआरएस. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, लहान 200 मिलिलिटरचं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते पूर्ण विरघळवावं. अर्धं पाकीट अंदाजे पाण्यात घातलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं.

गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस मिळायला हवेत, सलग दोन दिवस रोज एक. वय सहा महिन्यांच्या आत असेल तर दर वेळी 50 हजार युनिट, 6 ते 11 महिने 1 लाख, त्यापुढे 2 लाख. डोळ्यांत या जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण असेल तर चार ते सहा आठवड्यांनी तिसरा. गोवर शरीरातला साठा झपाट्याने संपवतो आणि डोळ्यांचं, फुप्फुसांचं, आतड्यांचं अस्तर कच्चं पडतं. हे डोस आंधळेपणा आणि मृत्यू दोन्ही कमी करतात. मात्र ते आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हातूनच द्यावेत. आधी कधी डोस दिला असेल तर तेही सांगावं, अति झालं तर अपाय होतो.

मूल पीत-खात नसेल, गुंगीत असेल, झटका (आकडी) आला असेल, शांत असतानाही श्वास घेताना घरघर आवाज येत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर थेट रुग्णालय गाठावं. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: 2 महिन्यांपासून वर्षाच्या आत 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त म्हणजे न्यूमोनियाचा संशय. पुरळ उठून तीन-चार दिवस झाले आणि ताप उतरत नाही किंवा उतरून पुन्हा आला, तरी दाखवायलाच हवं.

पुरळ काळपट पडून कोंड्यासारखी साल निघाली की घर सुटकेचा श्वास सोडतं. पण खरी देखभाल तेव्हा सुरू होते. गोवर प्रतिकारशक्तीची जुनी आठवणच पुसून टाकतो. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांच्या अभ्यासात त्यांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी, म्हणजे जंतू ओळखून त्यांच्याशी लढणाऱ्या प्रथिनांपैकी, 11 ते 73 टक्के नाहीशा झालेल्या आढळल्या. त्यामुळे पुढचे कित्येक महिने जुलाब, न्यूमोनिया असे आजार सहज पकडतात. अशा वेळी ‘तेलकट नको, डाळ जड पडेल’ म्हणून महिनाभर नुसत्या पेजेवर ठेवणं फार महागात पडतं. अंगावरचं दूध चालूच ठेवावं. तूप घातलेला मऊ वरणभात, अंडं, केळं, पपई, नाचणीची खीर थोडं थोडं पण वारंवार द्यावं आणि बरं झाल्यावर काही आठवडे रोज एक जेवण जास्त.

घरातल्या इतरांचं काय? पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल आजार पसरवतं आणि खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत टिकतो. म्हणजे ओळख पटेपर्यंत भावंडांना संसर्ग पोचलेला असतो. लस न झालेल्या भावंडाला संपर्कापासून 72 तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. सहा महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गर्भवती संपर्कात आली असेल तर त्यांना ही लस देत नाहीत, पण सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन, देता येतं. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

गोवर-रुबेला लस सरकारी कार्यक्रमात 9 ते 12 महिन्यांत आणि 16 ते 24 महिन्यांत मोफत मिळते. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात आणि भिवंडी, मालेगावात उद्रेक झाला, तेव्हा आजारी पडलेल्यांत लस न झालेली मुलं मोठ्या संख्येने होती. पहिला डोस चुकला असेल तर वय उलटलं म्हणून थांबू नये, पाच वर्षांपर्यंत तो देता येतो आणि दुसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी. लशीनंतर आठवडा-दीड आठवड्याने हलका ताप किंवा थोडं पुरळ येऊ शकतं. ते दोन-तीन दिवसांत जातं आणि दुसऱ्यांना लागत नाही.